पोट आलेला लॅपटॉप

मित्रांनो, मी एक जुना लॅपटॉप आहे. जुना म्हणालो म्हणून लगेच हळहळू नका. आमच्यात वय लवकर होते, एवढेच. माझ्या वयाची खुर्ची तुमच्या घरात असेल, तर तिला तुम्ही अजून नवीच म्हणत असाल. सध्या मी पुस्तकबांधणीच्या एका कारखान्यात, खळीच्या डब्याशेजारी असतो. माझ्या झाकणावर दोऱ्याचे तुकडे पडतात, कळांच्या फटींत कागदाचा भुगा जातो. पूर्वी माझ्यावर बोटाचा ठसा उमटला, तरी कुणीतरी मऊ फडके शोधायला धावे. त्याबद्दल माझी काही तक्रार नाही. जे घडले ते मी फक्त क्रमाने सांगणार आहे.

मला घडवताना सगळ्यांच्या तोंडी एकच शब्द होता, हलका. माझे अंग अशा धातूचे केले की हातात घेणाऱ्याला आधी शंका यावी, आत काही आहे की नुसतेच झाकण दिले! कळांवर मात्र मनापासून मेहनत घेतली. बोट ठेवले की त्या थोड्या खाली जातात आणि बोटाला हळूच परत वर पाठवतात, म्हणून दिवसभर लिहिले तरी हात दुखत नाही. माझ्या पडद्याला चकाकी नाही. खिडकीसमोर बसलात तरी अक्षरे दिसतात, स्वतःचे तोंड दिसत नाही, आणि कामाच्या माणसाला ते बरेच असते. सकाळी एकदा वीज भरली की संध्याकाळपर्यंत मी काही मागत नसे. मला टेबलावरून पाडून पाहिले, धुळीत ठेवले, झाकण धरून गदागदा हलवले. तपासणाऱ्या बाई म्हणाल्या, "चिवट आहे हा," आणि त्यांनी मला खोक्यात घातले. माझ्या आयुष्यातले ते पहिले कौतुक.

आता उणिवा सांगतो, कारण दुकानदार त्या सांगत नाहीत. बारीक व्हायचे तर पुष्कळ गोष्टींवर पाणी सोडावे लागते. तारा जोडायला मला दोनच छिद्रे आहेत. माझा आवाज म्हणजे डब्यात बसून कुणी बोलते आहे असे वाटते. माझी स्मरणशक्ती जन्माच्या वेळी जेवढी दिली तेवढीच. ती आत पक्की बसवलेली आहे आणि पुढे कितीही गरज पडली तरी वाढवता येत नाही. फार काम पडले की माझे अंग तापते. आणि माझी बॅटरी म्हणजे चपट्या चंदेरी पिशव्या, पोटाच्या तळाशी चिकटवलेल्या. त्यांच्यावर लगेच कळांचा पत्रा. मध्ये केसभरही मोकळी जागा नाही. एवढ्याशा जागेत एवढे सगळे कसे बसवले, याचेच तेव्हा सर्वांना कौतुक होते. त्या पिशव्यांना कधी हातपाय पसरावेसे वाटले तर काय, हे कुणी विचारले नाही.

मी ज्या कंपनीत गेलो ती रुग्णालयांसाठी पलंग बनवत असे. हँडल फिरवले की डोक्याकडची बाजू उचलली जाते, तसले पलंग. ते विकणाऱ्या विभागाच्या प्रमुख बाईंना मी मिळालो. कचेरीत त्यांना सगळे मॅडम म्हणत. मला पहिल्यांदा उचलल्यावर मॅडम म्हणाल्या, "अगंबाई, हा तर डब्यापेक्षा हलका!" त्या जेवणाच्या डब्याबद्दल बोलत होत्या. मी इतका हलका होतो की एकदा मला घरीच विसरून त्या रिकामी पिशवी खांद्याला लावून रुग्णालयात पोचल्या. खांद्याला फरकच कळला नव्हता. ज्या गुणासाठी मला घेतले त्यानेच त्यांची फजिती केली.

त्यांची दुसरी फजिती माझ्या छिद्रांमुळे झाली. भिंतीवर चित्रे दाखवायची तर मला एक आखूड जोडतार लागे. मॅडम तिला 'शेपूट' म्हणत. एका मोठ्या रुग्णालयात डॉक्टर जमले, मेट्रन आल्या, पडदा खाली सोडला, आणि शेपूट काही सापडेना. मॅडमनी पिशवी उलटी केली. त्यातून कंगवा निघाला, गोळ्या निघाल्या, शेपूट नाही.

"मग आता काय करायचं?" मेट्रननी विचारले.

मॅडमनी चपला काढल्या आणि नमुन्याला आणलेल्या पलंगावर सरळ आडव्या झाल्या. "डॉक्टर, मला उठवून बसवा. हात लावायचा नाही, फक्त हँडल फिरवा," त्या म्हणाल्या. सगळ्यात मोठ्या डॉक्टरांनी हँडल फिरवले आणि मॅडम हसत हसत उठून बसल्या. पलंग विकले गेले. मी त्या वेळी खुर्चीवर मिटून पडलो होतो. तरी कचेरीत पुढे असेच बोलले गेले, की मॅडमनी लॅपटॉपवर काय सुंदर तयारी केली होती! फुकटचे कौतुक मिळाले तरी आम्ही यंत्रे लाजत नाही.

या कामात मॅडमना एक सवय लागली. तशी ती त्या कचेरीत सगळ्यांनाच होती. बोलणे संपले की माझे झाकण फट्‌दिशी मिटायचे, मला पिशवीत कोंबायचे आणि पुढच्या रुग्णालयाकडे पळायचे. झाकण मिटले म्हणजे लॅपटॉप झोपला, असा लोकांचा समज असतो. आम्ही अर्धवट जागे असतो. आलेले ईमेल उतरवून घेतो, आतल्या आत काही ना काही करत राहतो. उघड्यावर त्याचे काही वाटत नाही. पण बंद पिशवीत, एका बाजूला स्वेटर आणि दुसऱ्या बाजूला जाड फायली, अशा ठिकाणी मी अक्षरशः शिजत असे. बाहेर काढल्यावर मॅडम म्हणत, "काय तापलाय!" आणि कामाला लागत. असे कितीतरी वेळा झाले. माझ्या चंदेरी पिशव्या तेव्हापासून आतून फुगू लागल्या होत्या. बाहेरून ते दिसत नव्हते.

पुढे ती कंपनी दुसऱ्या मोठ्या कंपनीने विकत घेतली आणि मॅडमचा विभाग बंद झाला. निरोपाच्या दिवशी भाषणे झाली. मॅडमना फुलांचा गुच्छ मिळाला आणि आठवण म्हणून मीही त्यांच्याकडेच राहिलो. गुच्छ आठवड्यात सुकला.

मी त्यांच्या घरी राहायला आलो तेव्हा कळले की तिथे त्यांना कुणी मॅडम म्हणत नाही. तिथे त्या सूनबाई. मीही आता तसेच म्हणतो. नवरा दूरच्या शहरात नोकरीला होता, सुट्टीला येई. घरात सूनबाई आणि तिचे सासरे, दोघेच. सासऱ्यांना सगळे अप्पा म्हणत. घराची पुढची मोठी खोली म्हणजेच त्यांचा पुस्तकबांधणीचा कारखाना. वकिलांचे जाड ग्रंथ, शाळांच्या वाचनालयातली फाटकी पुस्तके, विद्यार्थ्यांचे प्रबंध, असे सगळे तिथे शिवायला आणि पुठ्ठ्यात बसवायला येत असे. एका कोपऱ्यात लोखंडी दाब होता. दोन फळ्यांमध्ये पुस्तक ठेवायचे आणि वरचे गोल चाक फिरवायचे, की फळ्या जवळ येतात आणि फुगलेले पुस्तक सपाट होते. अप्पांचा त्या दाबावर फार भरवसा होता. ओल धरलेला पुठ्ठा, सुरकुतलेले कापड, चुरगळलेले नकाशे, सगळ्यांना त्यांच्याकडे एकच औषध होते.

कारखान्यात येणारी पुस्तके अलीकडे कमी झाली होती. घर इतकी वर्षे बरेचसे सूनबाईच्या पगारावर चालले होते, हे दोघांनाही माहीत होते आणि दोघेही बोलत नव्हते. सूनबाई रोज माझ्यासमोर बसून अर्ज लिहायची. उत्तरे येत, त्यांची सुरुवात आभाराने होई आणि पुढे नकार असे. अप्पा पुस्तक शिवता शिवता तिच्याकडे बघत आणि पुन्हा सुईकडे वळत. धीर देणारे दोन शब्द त्यांना सुचत नसत. चहा मात्र ते स्वतः करून तिच्या हाताशी आणून ठेवत.

शेवटी चाकाच्या खुर्च्या बनवणाऱ्या एका कंपनीने तिला निवडीच्या शेवटच्या फेरीला बोलावले. मुलाखत माझ्या पडद्यावरच होणार होती, दुपारी. तिने पुष्कळ मेहनत घेऊन खुर्च्या कशा विकाव्यात याची चित्रे आणि तक्ते तयार केले. ते सगळे माझ्यातच होते. ही नोकरी मिळाली नाही तर घर बंद करून नवऱ्याकडे दूरच्या शहरात राहायला जायचे, असे फोनवर ठरले होते. म्हणजे कारखानाही बंद होणार. अप्पांनी ते ऐकले होते.

त्या दिवशी सकाळी सूनबाईने मला उघडले आणि कळांच्या खालचा, बोट फिरवायचा चौकोन दबेना. तो वर उचलला गेला होता. झाकणही नीट मिटेना. "आजच मेलं याला काय झालं!" ती म्हणाली. चौकोन बिघडला असेल, तर माऊस आणून काम भागवू, असा तिने विचार केला आणि ती घाईने दुकानात गेली. माझे पोट फुगले आहे हे तिच्या लक्षात आले नाही.

अप्पांच्या मात्र लगेच लक्षात आले. त्यांनी मला आडवा धरून डोळ्यांसमोर आणले, जसे ते पुस्तकाचा पुठ्ठा वाकला आहे का ते बघत.

"पोट आलंय की रे तुला," ते मला म्हणाले.

माझ्याशी थेट बोललेले ते पहिलेच माणूस. त्यांच्या मनात काय आले हे मला स्पष्ट कळले. सूनबाईचा आज मोठा दिवस आहे. ती परत येईपर्यंत हे यंत्र सपाट करून ठेवावे. बोलून धीर देता येत नाही, निदान एवढे तरी करावे. त्यांनी मला स्वच्छ कोऱ्या कागदात गुंडाळले, दोन गुळगुळीत फळ्यांमध्ये ठेवले आणि दाबात सरकवले.

मित्रांनो, फुगलेल्या बॅटरीला दाबणे म्हणजे काय, हे तुम्हाला माहीत नसेल तर आता नीट ऐका. त्या पिशव्या फाटल्या की आतून आग निघते. ती आग पाण्याने सहजी विझत नाही, आणि माझ्या चारही बाजूंना छतापर्यंत कागद रचलेला होता. अप्पांनी चाकाला एक फेरा दिला. माझे धातूचे अंग करकरले. त्या वेळी मला भीती वाटली, असे मी म्हटले तर तुम्हाला खरे वाटणार नाही, म्हणून एवढेच सांगतो की मला सगळे कळत होते आणि मला काहीही करता येत नव्हते.

पण अप्पा कसलेले कारागीर होते. चांगला बांधणीवाला दाब एकदम आवळत नाही. पहिल्या फेऱ्यानंतर थांबतो, फळ्यांच्या मधून तळहात घालतो आणि कागदातली ओल बाहेर येते आहे का ते बघतो. अप्पांनीही सवयीने हात घातला. दाबलेला कागद हाताला गार लागतो. मी गरम लागलो.

त्यांनी हात बाहेर काढला आणि परत घातला. मग वास घेतला. पिकून सडायला आलेल्या फळासारखा गोडसर वास येत होता. त्यांनी चाक हळूहळू उलटे फिरवले, मला फळ्यांसकट उचलले आणि कारखान्यातून, स्वयंपाकघरातून, मागच्या उघड्या अंगणात नेऊन कपडे धुवायच्या दगडावर ठेवले. मग सूनबाईला फोन लावला.

"सूनबाई, तुझं यंत्र तापलंय. मागे अंगणात ठेवलंय बघ."

"तापलंय? अप्पा, तुम्ही काय केलंत?"

"काही नाही गं. पोट आलं होतं त्याला. जरासं दाबलं."

पलीकडून ती इतक्या मोठ्याने ओरडली की दगडावरून मलाही ऐकू आले. "अप्पा, लांब व्हा त्याच्यापासून! आत्ताच्या आत्ता!"

"अगं, लांबच आहे मी. बादली पालथी घालून बसलोय, लक्ष ठेवून."

ती दुकानातल्या दुरुस्तीवाल्याला घेऊनच आली. त्याने माझी खालची बाजू उघडली आणि तो दोन पावले मागे सरला. चपट्या पिशव्यांच्या उशा झाल्या होत्या. त्याने त्या अलगद सोडवल्या आणि वाळूच्या बादलीत ठेवल्या. "काका, अजून एक फेरा दिला असता ना, तर तुम्हीही गेला असता आणि कारखानाही," तो म्हणाला.

सूनबाई पांढरीफटक पडली होती. भीती ओसरली की राग येतो, तसा तिला आला. "तुम्हाला कुणी सांगितलं होतं, अप्पा? विचारायचं तरी एकदा! सगळ्याच गोष्टी काही पुस्तकं नसतात!" परक्या माणसासमोर ती हे बोलली. अप्पा हात पुसत राहिले; हात कोरडेच होते.

दुरुस्तीवाल्याने मला तपासले. दाबाने मी मोडलो नव्हतो, माझे अंग खरेच चिवट निघाले. बॅटरीशिवाय मी नुसत्या विजेच्या तारेवर चालू झालो. नवी बॅटरी मागवावी लागणार होती आणि मुलाखत जेवणानंतर होती. त्यात आणखी एक अडचण निघाली. माझ्या चार्जरच्या ठोकळ्यात वायर जिथे खुपसतात तिथे ती सैल झाली होती. एका ठरावीक कोनात धरली तरच वीज येई. एरवी वायर हलली तर बॅटरी मला सांभाळून घेत असे. आता वायर हलली की मी मेलो, आणि पुन्हा उठायला मला वेळ लागतो.

सूनबाईने कारखान्यातल्या मोठ्या टेबलावर मला मांडले. वायरीला चिकटपट्टी लावून पाहिली, वर पुठ्ठ्यांचे वजन ठेवून पाहिले, दोऱ्याने बांधून पाहिले. थोडा वेळ चाले आणि मी काळा होई. तिच्या डोळ्यांत पाणी आले. अप्पा उठले, गुडघ्यावर हात टेकून खाली वाकले आणि टेबलाखाली जाऊन बसले.

"मी धरतो. तू बोल," ते आतून म्हणाले.

"खूप वेळ लागेल, अप्पा."

"लागू दे."

मुलाखत सुरू झाली. पडद्यावर तीन माणसे होती आणि ती बारीकसारीक प्रश्न विचारत होती. सूनबाई सुरुवातीला अडखळत होती. मग एकाने विचारले, रुग्णालयाला खुर्ची नको असेल तर तुम्ही काय कराल? ती म्हणाली, "मी खुर्चीत बसेन आणि त्यांना सांगेन, मला दारातून बाहेर नेऊन दाखवा. चाक अडलं तर मीच परत घेऊन जाईन." तिघेही हसले. त्यानंतर तिने एकही शब्द अडखळत उच्चारला नाही. माझा कॅमेरा वरच्या बाजूला आहे, त्यामुळे मला फक्त तिचा चेहरा दिसत होता. टेबलाखालचे मला काहीच दिसत नव्हते. वीज एकदाही हलली नाही, एवढेच कळत होते.

शेवटी त्यांनी तिला सांगितले की तिची निवड झाली आहे. निरोप घेऊन ती ताडकन उठली आणि फोन घेऊन रस्त्यावर धावली, नवऱ्याला सांगायला. मग माहेरी सांगायला. मग जुन्या कचेरीतल्या मैत्रिणीला. बराच वेळ बाहेरून तिच्या हसण्याचा आवाज येत होता. माझा पडदा उजळलेलाच होता आणि वीज अजूनही स्थिर होती.

ती आत आली ती हाका मारतच. "अप्पा! अहो अप्पा, ऐकलंत का?" तिने स्वयंपाकघरात पाहिले, अंगणात पाहिले. सकाळच्या बोलण्याने रागावून कुठे निघून गेले की काय, असे तिला वाटले असावे, कारण तिचा आवाज बदलला. "अप्पा, कुठे आहात?"

"इथेच आहे की. झालं का त्यांचं?" टेबलाखालून आवाज आला.

सूनबाई वाकली. तिने पुढे सगळ्यांना सांगितले म्हणून मला ठाऊक, अप्पा मांडी घालून बसले होते. दोन्ही हातांनी त्यांनी तो ठोकळा आणि वायर जशीच्या तशी धरून ठेवली होती.

"केव्हाच झालं, अप्पा! मिळाली नोकरी. तुम्ही अजून धरून बसलात?"

"तू सोडा म्हणाली नाहीस. याचा आवाज काही खाली कळेना, मला वाटलं साहेब लोक अजून विचार करतायत."

ती टेबलाखाली शिरली आणि त्यांच्या शेजारी जमिनीवर बसली. "सकाळी मी नको ते बोलले," ती म्हणाली.

"ते राहू दे. आधी हा पाय सोडव, दगड झालाय त्याचा."

तिने वायर त्यांच्या हातांतून घेतली, आणि मी बंद पडलो. त्यापुढचे मला माहीत नाही.

मित्रांनो, आता सूनबाईला नव्या कंपनीने नवा लॅपटॉप दिला आहे आणि मी कारखान्यात आलेल्या पुस्तकांची नावे टिपतो. माझ्यासारखे यंत्र तुमच्या घरात असेल, तर त्याला बंद केल्याशिवाय पिशवीत कोंबू नका. त्याचे पोट फुगलेले दिसले, तर दाबू नका, टोचू नका, चार्जिंगला लावू नका. जाणत्या माणसाला बोलवा. एवढे माझ्यापुरते. आणि तुमचे एखादे मोठे काम मनासारखे झाले, की आनंदाने बाहेर धावण्याआधी एकदा टेबलाखाली वाकून बघा. तिथे कुणी बसले असेल, तर त्यांना सांगा, झालं, आता सोडा.